प्राचीन रोममध्ये स्त्रिया आतून काय घालायच्या?

वर स्ट्रोफियम, म्हणजे छातीभोवती घट्ट गुंडाळायची कापडाची लांब पट्टी. प्रेमाची चिठ्ठी हिच्यातच लपवायची सोय, असं ओव्हिड हा कवी लिहून गेलाय! खाली सुब्लिगाकुलम, आपल्या लंगोटाचाच भाऊ. पण तो सगळ्याजणी रोज घालत असतील असं नाही. नाचणाऱ्या, कसरती करणाऱ्या बायकांना त्याची खरी गरज. एरवी अंगालगत साधा ट्युनिक, म्हणजे सैल सदऱ्यासारखं वस्त्र.

लंडनमध्ये एका रोमनकालीन विहिरीत पहिल्या शतकातली चामड्याची चड्डी सापडली. दोन्ही बाजूंना बांधायचे बंद, माप अगदी लहान, त्यामुळे ती एखाद्या कसरतवालीची असावी. सिसिलीतल्या पियात्सा आर्मेरिनाजवळच्या चौथ्या शतकातल्या मोझेइकमधल्या (रंगीत तुकडे जोडून केलेल्या चित्रातल्या) मुली तर बिकिनीतच वाटतात. मात्र त्या खेळाडू आहेत: कुणी धावतेय, कुणी डंबेल्स धरलेत.