वाचक विचारतात : तीन शाळा आणि एकच शेवट

प्रश्न : ताई, मी खानापूर तालुक्यातली, बेळगावला बीएच्या दुसऱ्या वर्षाला आहे. डिजिटल गोष्टीचा प्रोजेक्ट होता, मी ट्वाइनवर (वाचकानं पर्याय निवडत पुढं जायच्या गोष्टी बनवायचं सॉफ्टवेअर) केला. पोराला कुठल्या शाळेत घालायचं, मराठी, कन्नड की इंग्लिश मीडियम, हे वाचकानं ठरवायचं. पण शेवटी तिन्ही वाटा एकाच ठिकाणी येतात, पोरगा मोठा होऊन आजीच्या शेताच्या उताऱ्यासाठी ऑफिसात उभा. वर्गात सगळे म्हणाले शेवट एकच असंल तर निवडायचं कशाला, नुसतं क्लिक क्लिक. आता तीन शेवट करू काय? आणि आमची आजी कन्नड मिसळून बोलते ते तसंच ठेवू की शुद्ध करू?

उत्तर : तीन शेवट करू नकोस. कुठल्याबी शाळेत घाला, उताऱ्यासाठी रांगेत उभं राहणं काही चुकत नाही, हीच तर तुझी गोष्ट हाय की! शिवाय हिशोब बघ, तीन-तीन पर्याय पाच वेळा दिलेस आणि प्रत्येक वाट वेगळी ठेवलीस तर २४३ शेवट होतात आणि एकूण लिहायची पानं ३६४, सबमिशनपर्यंत तू म्हातारी होशील. म्हणून फाटे फोडायचे आणि परत एका जागी आणायचे हे सगळेच करतात. इंटरॅक्टिव्ह गोष्टींवर लिहिणारे सॅम काबो अ‍ॅशवेल यांनी २०१५ मध्ये अशा गोष्टींचे आकार नावं देऊन मांडले, त्यात याला ‘ब्रांच अँड बॉटलनेक’ म्हटलंय. त्यामुळं वर्गातल्यांनी बोट ठेवलं ते चुकीच्या जागी.

पण त्यांना काहीतरी खटकलं हे खरं. तुझी गोष्ट विसरते. वाचकानं जीव मुठीत धरून शाळा निवडली आणि तू पुढच्या पानावर ती पाटीसारखी पुसून टाकलीस. ऑफिसातला सीन एकच ठेव, पण निवडलेली शाळा त्या सीनमध्ये दिसू दे. उतारा कन्नडात असतोय. कन्नड शाळेतला पोरगा तो घडाघडा वाचेल, साहेबाशी बोलेल, काम लवकर होईल, आणि घरी आल्यावर आजी हरिपाठ वाचून दाखव म्हणाली की तिथं अडखळेल. मराठी शाळेतला हरिपाठ म्हणेल आणि उताऱ्यावर अडकेल. इंग्लिश मीडियमवाल्याचं काय होईल ते तूच ठरव, मला वाटतं तो दोन्हीकडं फोनच बाहेर काढेल. एक सांभाळ, मराठी शाळेतल्या पोराला कन्नडचं एक अक्षर येत नाही असं लिहू नकोस, आपल्याकडं मराठी शाळेत पण कन्नड विषय असतोच, बेळगावचा वाचक लगेच पकडेल. त्याला सर्वे नंबर लागेल, नाव लागेल, पण खालची हक्कबदलाची सरकारी भाषा डोक्यावरनं जाईल. असं अर्धवट येणंच जास्त झोंबतंय, नाही का?

हे करायला फार अक्कल लागत नाही. ट्वाइनमध्ये हार्लो फॉरमॅट (गोष्ट चालवायचा ट्वाइनचा एक साचा) घेतला असशील तर शाळा निवडल्याबरोबर ‘सेट’ या आज्ञेनं ती एका व्हेरिएबलमध्ये, म्हणजे लक्षात ठेवायच्या कप्प्यात, ठेवायची आणि ऑफिसच्या पानावर ‘इफ’ची अट लावून दोन-चार वाक्यं बदलायची, बस्स, अख्खा सीन तीनदा लिहायला नको.

आणि भाषा अजिबात शुद्ध करू नको! आजी ‘हौदु’ म्हणते तर हौदुच म्हणू दे, शेजारीण ‘काय करालीस गं’ म्हणते ते पण तसंच. प्रत्येक कन्नड शब्दापुढं अर्थ देत बसू नको, बोलण्यातनं कळतंय. उलट मराठी शाळेच्या वाटेवर उताऱ्याच्या चार ओळी सरळ कन्नड लिपीत टाक. आपल्याकडचे बरेच जण दोन्ही लिप्या वाचतात ते निघून जातील पुढं, पुण्याचा वाचक अडकेल, तर अडकू दे की, त्याला तेवढाच सीमाभागाचा अनुभव. मजकूर मात्र युनिकोडमध्येच टाइप कर, डीटीपीवाल्याकडनं जुन्या श्रीलिपी फॉन्टात करून आणलास तर ट्वाइनमध्ये नुसती चिन्हं दिसतील.

प्रश्न : सरांनी मित्राच्या इंटरॅक्टिव्ह गोष्टीवर समीक्षा लिहायला सांगितलीय. बेळगावच्या किल्ल्यातल्या भुताची गोष्ट आहे. मला कंटाळा आला पण तसं लिहिलं तर तो बोलायचा बंद होईल. काय लिहू? (बीकॉम, शहापूर)

उत्तर : कंटाळा आला हे लिहायचंच, फक्त कुठल्या पानावर आला ते सांगायचं. असली गोष्ट एकदा वाचून समीक्षा होत नाही. एकदा मनाला येईल तसं खेळ, मग मुद्दाम उलटे पर्याय घे, आणि एकदा नुसता मोडायला बस, कुठं वाट बंद पडते, कुठली लिंक कुठंच नेत नाही. कुठनं कुठं गेलास ते कागदावर लिहीत जा.

मग प्रत्येक पर्यायाला विचार, निवडताना मला काय माहीत होतं आणि निवडल्यावर काय बदललं? डिजिटल गोष्टींच्या अभ्यासक जॅनेट मरे यांनी १९९७ मध्येच ‘एजन्सी’बद्दल हेच म्हटलंय, आपण केलेल्या गोष्टीला अर्थ पाहिजे आणि तिचा परिणाम दिसला पाहिजे. ‘डावीकडं जा, उजवीकडं जा’ हा नाणं उडवायचा प्रकार झाला. ‘किल्ल्यातल्या कमल बस्ती या जैन मंदिराच्या छतातल्या कमळावर टॉर्च मार’ किंवा ‘खंदकाकडनं आवाज आला तिकडं जा’ असं असेल तर मला निवडायला कारण आहे, आणि घाबरायला पण. अजून एक बघ, मित्रानं हार्लोत केलं असेल तर बाजूला मागं जायचा बाण आपोआप येतोय. भुतानं धरलं की बाण दाबून सुटायचं असेल तर भीती कसली राहणार! हे मित्राला सांगितलंस तर तो बोलायचा बंद होणार नाही, त्या रात्रीच बाण काढून टाकेल. ग्राफिक्स छान, म्युझिक छान हे दोन ओळीत उरक.

प्रश्न : मी निपाणीचा, बारावीत. लॅपटॉप नाही, फक्त मोबाइल आहे. जमेल काय?

उत्तर : जमतंय. ट्वाइन फुकट आहे, ख्रिस क्लिमास यांनी २००९ साली आणलं, आणि ब्राउझरमध्येच उघडतंय. छोट्या स्क्रीनवर गोष्टीच्या पानांचे चौकोन सरकवत बसायचा वैताग मात्र आहे, तेव्हा वाटा आधी वहीत काढ, मजकूर मोबाइलवर टाइप करून ठेव आणि जोडाजोडी कॉलेजच्या लॅबमध्ये कर. ब्राउझरमध्ये केलेली गोष्ट त्याच मशीनच्या ब्राउझरमध्ये राहते, लॅबवाल्यानं साफसफाई केली की गेली, म्हणून उठायच्या आधी ट्वाइनच्याच ‘लायब्ररी’ मेनूतनं ‘आर्काइव्ह’, म्हणजे सगळ्या गोष्टींची एक फाइल, उतरवून स्वतःला मेल करायचं, विसरायचं नाही. पूर्ण झाल्यावर ‘पब्लिश टु फाइल’ कर, एकच एचटीएमएल फाइल मिळते, ती व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठव, अँड्रॉइडवर ब्राउझरमध्ये नेट नसताना पण चालते. फोटो वेगळे ठेवले असशील तर ते तिच्याबरोबर जात नाहीत, पहिल्या गोष्टीत फोटो घालूच नको.