आजीचा बिडाचा तवा आणि कढई: जपून ठेवू की वापरू?

तुमचा प्रश्न असा की सोलापूरच्या जुन्या घरातून आजीचा बिडाचा तवा आणि कढई तुमच्या वाट्याला आली, दोन्हींवर गंज चढलाय, आणि घरचे म्हणताहेत की ग्राइंडर मारून चकचकीत करा आणि शोकेसमध्ये ठेवा.

वापरा. आणि ग्राइंडर मुळीच मारू देऊ नका. जुनं बीड उलथन्याखाली वर्षानुवर्षं झिजून गुळगुळीत झालेलं असतं. ते एकदा खरवडलं की आजीच्या हातानं आलेला तो गुळगुळीतपणा परत येत नाही. शोकेसमध्ये ठेवलं तरी गंज चढतोच. माझ्याकडे सासूबाईंच्या आईची कढई आहे, ती इतकी छान राहिली आहे ती फक्त रोजच्या वापरामुळे.

आधी तडा आहे का ते बघा. बीड म्हणजे ओतीव लोखंड, त्यात 2 ते 4 टक्के कार्बन असतो, म्हणून ते कडक पण ठिसूळ. भांडं अधांतरी धरून लाकडी चमच्यानं टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर ते आचेवर चढवू नका, ते मात्र खुशाल शोकेसमध्ये ठेवा. तापलेल्या तव्यावर नळाचं गार पाणी ओतायचं नाही तेही याच ठिसूळपणामुळे. भाकरीला वरून पाणी फिरवतो ते चालतं, ते पीठच पिऊन घेतं.

गंज तारेच्या घासणीनं निघतो. हट्टी असेल तर पांढरं व्हिनेगर आणि पाणी समसमान घेऊन त्यात बुडवा, पण अर्ध्या तासाच्या आत काढा, नाहीतर आम्ल गंजाबरोबर लोखंडही खाऊ लागतं. धुतल्याबरोबर पुसून मंद गॅसवर पूर्ण कोरडं करा. आपल्याकडचं बोअरचं पाणी जड, नुसतं निथळत ठेवलं तर पांढरे डाग राहतात आणि तासाभरात पुन्हा तांबूस गंज दिसतो.

आता तेल. इथे सोलापूरकरांचं नशीब चांगलं आहे, कारण आपल्याकडे करडई आहे. रब्बीत ज्वारीच्या कडेनं काटेरी करडईच्या ओळी लावतात, तीच. तिच्या तेलात लिनोलिक आम्ल भरपूर असतं. आच लागली की असं तेल हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि लोखंडावर कडक, काळा थर बसतो. भांड्याला अन्न चिकटू न देणारा तो हाच. शेंगदाण्याच्या तेलानंही थर बसतो, पण सावकाश. जवसाच्या तेलाचा थर दिसायला देखणा, मात्र त्याचे पोपडे निघतात असा माझा अनुभव आहे. घाण्यावरचं करडईचं तेल फडक्यानं आतबाहेर लावा आणि मग चुकून लावलं होतं असं समजून पुसून काढा. उरलेला पातळ ओलावा पुरे. तेल जास्त राहिलं तर भांडं चिकट होतं. खिडक्या उघडून गॅसवर ठेवा, धूर येऊन थांबेपर्यंत. गार झालं की पुन्हा. असं तीन-चार वेळा.

कढईत पहिल्यांदा काय करायचं? शेंगाच भाजा. बीड उशिरा तापतं, पण तापलं की उष्णता सोडत नाही. मंद आचेवर शेंगदाणे न करपता गाभ्यापर्यंत भाजले जातात, म्हणून उखळात कुटताना त्यांना तेल सुटतं आणि चटणी सोलापुरी होते. पातळ पत्र्याच्या कढईत दाण्याला बाहेरून डाग पडतात आणि आत तो कच्चट राहतो. तव्यावर सुरुवातीला भाकरी नको, ती कोरडी. आधी काही दिवस धपाटी, थालीपीठ, डोसे करा. पहिलं धपाटं चिकटलं तर ओढू नका, खालची बाजू खरपूस झाली की आपोआप सुटतं.

चिंच, आमसूल, टोमॅटो, ताक या भांड्यांत शिजवू नका. थर उतरतो, भाजी काळी पडते आणि तोंडात लोखंड लागतं. झालेली भाजीही कढईत ठेवू नका. धुताना थेंबभर लिक्विड साबण चालतो, पक्का बसलेला थर त्यानं जात नाही; भिजत ठेवणं मात्र नाही. या भांड्यातलं थोडं लोह अन्नात उतरतं. बहुतेकांना ते चांगलंच, पण घरात थॅलेसेमियाचं कुणी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

एक काम आजच करा. आईला किंवा मावशीला फोन करून विचारा, तवा भाकरीचा होता की डोशाचा. सोलापुरात बऱ्याच घरांत हे दोन तवे वेगळे ठेवतात, कारण कोरड्या भाकरीच्या तव्यावर डोसा चिकटतो. डोशाचा असेल तर त्यावर भाकरी टाकू नका, तिच्यासाठी साधा लोखंडी तवा आणा.