नातवाच्या हाताचा ठसा, ख्रिसमस ट्रीवर

प्रश्न : नातवाच्या पंजाचा ठसा मिठाच्या पिठात घेऊन ख्रिसमस ट्रीसाठी लटकन केलं. भाजताना ते फुगलं, पुढच्या वर्षी मऊ पडलं. काय चुकलं?

उत्तर : फुगलं ते जास्त आचेमुळे. आतल्या पाण्याची वाफ झाली की पापुद्रा सुटतो. २ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ आणि पाऊण वाटी पाणी घ्या. पाणी थोडंथोडं घाला. गोळा १० मिनिटं चांगला मळा, नाहीतर कडांना भेगा पडतात. ६ मिलिमीटर जाड लाटा, तळव्याचा मधला भाग आपल्या बोटाने हलकेच दाबा (मुलं फक्त बोटंच टेकवतात!). भोक स्ट्रॉने, कडेपासून १ सेंटिमीटर आत. नाव आणि साल मागे कोरायचं तर ते ठसा घेण्याआधी.

ओव्हन १०० अंशांवर, २ ते ३ तास, मध्ये एकदा उलटा. मऊ पडण्याचं कारण मीठ. ते हवेतली ओल ओढतं. म्हणून पूर्ण वाळल्यावर दोन्ही बाजूंना, कडांना आणि भोकाच्या आतही वॉर्निशचे दोन हात द्या. भोक हमखास राहून जातं. ठेवताना टिश्यूत गुंडाळून, सिलिका जेलच्या पुडीसह बंद डब्यात. घरात कुत्रा असेल तर लटकन उंच टांगा. एवढं मीठ त्याला विषासारखं आहे.