फूट-इंच, लाख-कोटी आणि हळदीचा दर : एक्सेलमधल्या चार्टविषयी तुमचे प्रश्न

प्रश्न : मी सांगली मार्केट यार्डात एका अडत दुकानात हिशेब पाहतो. राजापुरी हळदीच्या सरासरी दराचा चार्ट दर आठवड्याला शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो. दर १४,००० वरून १४,८०० झाला, पण चार्टमध्ये दुसरा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट उंच दिसला. दोघांचे लगेच फोन आले, ‘माल घेऊन येऊ का?’ आकडे तर बरोबर आहेत, मग चुकलं कुठे?

उत्तर : डावीकडच्या अक्षावरचा सर्वांत खालचा आकडा बघा, तो १३,६०० असेल. पहिला स्तंभ तिथून ४०० चढला आणि दुसरा १२००, म्हणून तिप्पट. हे एक्सेलने आपणहून केलं आहे. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या आकड्यातला फरक मोठ्या आकड्याच्या साधारण सहाव्या हिस्स्याहून कमी असला, की ते अक्ष शून्यापासून सुरूच करत नाही.

स्तंभ बघताना आपण त्याची पूर्ण उंची मोजतो. म्हणून स्तंभ शून्यापासूनच हवा, यात तडजोड नाही. अक्षावर राइट क्लिक, फॉरमॅट ॲक्सिस, तिथे मिनिममच्या चौकटीत शून्य टाका. आता तुम्ही म्हणाल, सगळे स्तंभ सारखेच दिसतात. तर मग दरासाठी स्तंभ सोडा आणि रेषा घ्या. रेषेत डोळा चढ-उतार वाचतो, त्यामुळे तिचा अक्ष १३,००० पासून घेतला तरी चालतं. फक्त पहिल्या आणि शेवटच्या बिंदूवर दर आकड्यात लिहा. तुमचा चार्ट बघून कुणी गाडी भरणार असेल, तर त्याला ५.७ टक्के वाढ ५.७ टक्क्यांएवढीच दिसली पाहिजे.

प्रश्न : आम्ही सांगलीच्या गावभागात राहतो. २०१९ च्या पुरानंतर पावसाळ्यात आयर्विन पुलाजवळची कृष्णेची पातळी मी रोज वहीत लिहितो. यंदा ती एक्सेलमध्ये भरली. पातळी आणि पाऊस एकाच चार्टमध्ये घेतले, तर पातळीची रेष तळाला चिकटून बसते. मधेच ती एकदम शून्यावर आदळते. काही दिवशी वहीत पातळी वाढलेली आहे आणि चार्टमध्ये उतरलेली!

उत्तर : अशी वही ठेवणारी माणसं गल्लोगल्ली हवीत. तुमचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटला, म्हणून सावकाश सांगतो.

आधी शेवटची तक्रार, कारण ती फॉरमॅटिंगची नाहीच. तुम्ही ३८ फूट ६ इंच हे ३८.६ असं भरलं असणार आणि ३८ फूट ११ इंच हे ३८.११. एक्सेलच्या हिशेबी ३८.११ हा ३८.६ पेक्षा लहान, म्हणून पाणी चढलं तरी रेष उतरली. फुटात बारा इंच असतात, त्यामुळे ३८ फूट ६ इंच म्हणजे ३८.५. फूट एका रकान्यात आणि इंच दुसऱ्यात भरा. तिसऱ्यात सूत्र द्या : फूट अधिक (इंच भागिले १२). चार्ट या तिसऱ्या रकान्यावरच काढा.

रेष शून्यावर आदळते, कारण पातळी न मिळालेल्या दिवशी तुम्ही तिथे आडवी रेघ मारली असेल. एखाद्या घरात (सेलमध्ये) अक्षर किंवा चिन्ह असलं की रेषेच्या चार्टमध्ये एक्सेल ते शून्य धरतं. त्या दिवसाची घरं साफ रिकामी ठेवा, तिसऱ्या रकान्यातलं सूत्रही पुसा, नाहीतर ते शून्यच देईल. मग सिलेक्ट डेटामध्ये ‘हिडन अँड एम्प्टी सेल्स’ हे बटण आहे, तिथे ‘गॅप्स’ निवडा. दोन बिंदू रेषेने जोडायची सोयही तिथेच आहे, पण पुराच्या दिवसांत ती वापरू नका. न पाहिलेलं पाणी पाहिल्यासारखं दाखवणं बरं नव्हे. तारखाही १५.७.२०२४ अशा टिंबं देऊन लिहू नका. बऱ्याच संगणकांवर ती तारीख न राहता मजकूर होते, आणि मग सुटलेले दिवस अक्षावरून गायब होतात.

आता दोन मापं. पाऊस मिलिमीटरमध्ये दोनशे-तीनशेवर जातो आणि पातळी पन्नासच्या आसपास, म्हणून ती तळाला बसते. चार्ट निवडून ‘चेंज चार्ट टाइप’मध्ये ‘कॉम्बो’ घ्या. पावसाला स्तंभ द्या, पातळीला रेषा, आणि रेषेपुढे ‘सेकंडरी ॲक्सिस’ची खूण करा. पातळीचा अक्ष ० ते ६० फूट असा पक्का बांधून ठेवा, नाहीतर रोज नवा आकडा भरला की एक्सेल माप बदलेल आणि कालचा चार्ट आजच्याशी जुळणार नाही. २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं, त्यामुळे ६० पुरेत. स्तंभ फिकट निळे आणि रेषा गडद ठेवा. दोन्ही अक्षांना ‘मिमी’ आणि ‘फूट’ ही नावं द्यायला विसरू नका, नाहीतर कुठला आकडा कशाचा हे घरातल्यांनाही कळायचं नाही.

आणखी दोन रकाने करा. एकात सगळ्या तारखांपुढे ४०, दुसऱ्यात ४५. या दोन आडव्या रेषा म्हणजे इशारा आणि धोका पातळी. त्यांनाही सेकंडरी ॲक्सिसवरच बसवा, नाहीतर त्या पावसाच्या मापावर जाऊन भलतीकडेच दिसतील. पिवळट आणि लाल रंग द्या आणि रेषेच्या टोकालाच नाव लिहा. मी तुमच्या जागी असतो, तर सगळं सोडून हे आधी केलं असतं. सामान वरच्या मजल्यावर कधी न्यायचं, हे ज्याला ठरवायचंय तो या दोन रेषाच बघणार आहे.

पाऊस मात्र सांगलीचा घेऊ नका. आपल्याकडे ऊन पडलेलं असतं आणि पाणी चढत असतं. महाबळेश्वर, नवजा, कोयनानगर इथला पाऊस घ्या. वरच्या भागातल्या पावसाचं पाणी इथवर यायला वेळ लागतो, त्यामुळे रेषेचं शिखर स्तंभांच्या शिखरामागून येईल. ती चूक समजून दुरुस्त करू नका. कोयना धरणाचा साठा टीएमसीमध्ये (अब्ज घनफुटांत) दाखवायचा असेल, तर याच चार्टमध्ये तिसरं माप कोंबू नका. खाली तेवढ्याच रुंदीचा, त्याच तारखांचा वेगळा चार्ट ठेवा.

प्रश्न : आमच्या बचत गटाची अकरा उत्पादनं आहेत. पापड, शेवया, चटण्या वगैरे. विक्रीचा गोल चार्ट केला, पण त्यात कुणाला काहीच कळत नाही.

उत्तर : ताई, अकरा फोडी डोळ्याला मोजता येत नाहीत. गोल चार्ट तीन-चार भागांपर्यंतच ठीक. आडव्या पट्ट्या घ्या आणि आकडे आधी उतरत्या क्रमाने लावा. एक्सेल यादीतलं पहिलं नाव सगळ्यांत खाली ठेवतं, म्हणून नावांच्या अक्षावर ‘कॅटेगरीज इन रिव्हर्स ऑर्डर’वर खूण करा. सगळ्या पट्ट्या एकाच रंगाच्या ठेवा आणि गटाला ज्यावर बोलायचंय तेवढी एकच गडद करा. थ्रीडी तर अजिबात नको.

प्रश्न : विकास सोसायटीच्या वार्षिक अहवालात कर्जवाटप आणि वसुलीचा चार्ट द्यायचाय. अक्षावर शून्यांची माळ येते. आणि छापखाना अहवाल काळ्या-पांढऱ्यात छापतो.

उत्तर : फॉरमॅट ॲक्सिसमध्ये ‘डिस्प्ले युनिट्स’ उघडा. लोक तिथे थाउजंड आणि मिलियन बघून परत येतात, पण यादीत १००००० सुद्धा आहे, म्हणजे आपला लाख! कोटीही आहे. ते निवडलं की अक्षाशेजारी एक लेबल येतं, त्यावर क्लिक करून ‘लाख रुपये’ असं लिहा. अक्षर युनिकोड मराठीतच टाइप करा. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्या संगणकावर निरर्थक अक्षरांत बदलतो, आणि छापखान्यात ते बहुतेक कुणाच्या लक्षात येत नाही.

छपाईसाठी लाल-हिरवा टाळा. काळ्या-पांढऱ्यात दोन्ही सारखेच करडे होतात. वाटप गडद, वसुली अगदी फिकट आणि फिकट स्तंभाला काळी कड. फाइल देण्याआधी एक पान झेरॉक्स करून बघा.

प्रश्न : जत तालुक्यातल्या एका ग्रामपंचायतीत ऑपरेटर आहे. वाड्या-वस्त्यांच्या टँकर फेऱ्यांचे बारा चार्ट करायचे आहेत. प्रत्येकाला रंग आणि फॉन्ट पुन्हा द्यावे लागतात का?

उत्तर : नाही. एक चार्ट मनासारखा करा, त्यावर राइट क्लिक करून ‘सेव्ह ॲज टेम्पलेट’ करा. पुढचे चार्ट करताना ‘चेंज चार्ट टाइप’मधल्या टेम्पलेट्समधून तो निवडा. बारा चार्ट आधीच तयार असतील, तर चांगला चार्ट कॉपी करा, दुसरा निवडा आणि पेस्ट स्पेशलमध्ये ‘फॉरमॅट्स’ घ्या. एवढं मात्र करा : बाराही चार्टचा उभा अक्ष सर्वांत जास्त फेऱ्यांच्या वाडीएवढा एकसारखा ठेवा. नाहीतर चार फेऱ्यांची वस्ती आणि चाळीस फेऱ्यांची वाडी कागदावर सारखीच तहानलेली दिसेल.