पोकलेन चालवणाऱ्याला दुरुस्ती यायला हवी का?

तुमचा भाऊ पोकलेनवर हेल्पर आहे, त्याला ऑपरेटर व्हायचंय, तर दुरुस्तीही शिकावी का, असं तुम्ही विचारलंय. मी ऑपरेटर आहे. माझं मत : शिकावीच. इंजिन खोलण्याइतकी नाही, पण मशीन काय सांगतेय ते वेळेत कळण्याइतकी नक्की.

आपल्याकडची कामं म्हणजे विहिरी, शेततळी, नाला खोलीकरण. सगळं पावसाच्या आत उरकायचं. गेवराई-अंबडकडच्या शिवारात मशीन अडली की मेकॅनिक जालन्याहून नाहीतर संभाजीनगरहून येईपर्यंत दिवस जातो. डिझेल फिल्टर बदलल्यावर डिझेलच्या पाईपात हवा धरली, एवढ्यासाठी मशीन उभी राहू नये. हवा काढता आलीच पाहिजे.

सकाळी चावी फिरवण्याआधी इंजिन ऑईल, कूलंट, हायड्रॉलिक ऑईल बघायचं, डिझेलमधलं पाणी वेगळं करणाऱ्या सेपरेटरमधलं पाणी सोडायचं. उन्हाळ्यात धुरळ्यानं रेडिएटरची जाळी बुजते, मशीन तापते, आणि लोक उगाच वॉटर पंप खोलून बसतात. ग्रीसचा तर कंटाळा अजिबात नको. बकेटची पिन कोरडी राहिली की आधी कुरकुरते, मग बुश (पिनभोवतीची धातूची नळी) खाते, पुढे भोकच लंबगोल होतं. मग वेल्डिंगनं भोक भरून पुन्हा गोल कोरणं, म्हणजे बोरिंग करणं आलं. तो खर्च आणि ग्रीसचा डबा, हिशेब तुम्हीच करा.

पण हात कुठं घालायचा नाही, हे आधी शिकवा. हायड्रॉलिक पाईपमध्ये २०० बारच्या वर दाब असतो. गळती बोटानं चाचपायची नाही, पुठ्ठा धरून बघायची. तेल कातडीत घुसलं तर जखम टाचणीएवढी दिसते आणि हात जातो. दुखत नसलं तरी तडक मोठ्या दवाखान्यात न्यायचं. पाईप सोडण्याआधी बकेट जमिनीवर, इंजिन बंद, लिव्हर हलवून दाब उतरवलेला. मशीन ज्या चेनवर चालते ती सैल करताना तिला ताणून धरणाऱ्या ग्रीसचा व्हॉल्व्ह पूर्ण काढायचा नाही, तोंड समोर ठेवायचं नाही. आणि कॉमन रेल इंजिनात (यात इंजेक्टरचं डिझेल एकाच पाईपात प्रचंड दाबाखाली असतं) जुन्या सवयीनं चालू इंजिनाचे इंजेक्टर पाईप ढिले करणं जिवावर बेतू शकतं.

मालकांनाही सांगणं आहे. ऑपरेटरकडून फिटरचं काम करून घेता, तर पगारही तसा द्या. आणि त्यानं “आवाज बदललाय” म्हणून मशीन थांबवली तर त्याच्यावर ओरडू नका.

भाऊ दहावी पास असेल तर आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा एक वर्षाचा कोर्स आहे. तेवढी सवड नसेल, तर मेकॅनिक साईटवर आला की सावलीत जाऊन बसू नये. पाने हातात देत शेजारी उभं राहावं आणि विचारत राहावं.