पक्षाघातानंतर वडिलांना ओळखीचे रस्तेही आठवत नाहीत. व्हीआरचा (हेडसेट लावून दिसणाऱ्या आभासी जगाचा) उपयोग होईल का?

हो, होऊ शकतो, पण प्रत्यक्ष चालण्याच्या जोडीला, त्याऐवजी नाही. वाटा लक्षात ठेवण्यात मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस नावाच्या भागाचा मोठा वाटा असतो. तिथल्या काही पेशी ठरावीक जागी पोचल्यावरच चेततात, हे मेंदूशास्त्रज्ञ जॉन ओकीफ यांनी १९७१ मध्ये उंदरांत दाखवलं. त्यासाठीच २०१४ च्या नोबेलमध्ये त्यांना वाटा मिळाला. व्हीआरमध्ये गाड्यांची भीती नसते, त्यामुळे तेच वळण वीसदा गिरवता येतं. कंट्रोलर वडिलांच्याच हातात द्या आणि ‘देवळापाशी डावीकडे’ अशी खूण त्यांनाच मोठ्याने बोलू द्या. नुसतं बघत बसण्यापेक्षा स्वतः वाट शोधणं मोलाचं.

मात्र २०१४ मध्येच लॉस एंजेलिसच्या यूसीएलए विद्यापीठात संशोधक मयंक मेहता यांच्या गटाला आढळलं, की आभासी खोलीत फिरताना उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमधल्या सुमारे ६० टक्के पेशी गप्पच राहिल्या. माणसाला हे जसंच्या तसं लावता येत नाही, तरी माझ्या मते इशारा पुरेसा आहे: हेडसेट काढला की त्याच दिवशी वडिलांचा हात धरून खऱ्या गल्लीतून तीच वाट चाला. त्यांना फिट येत असेल तर व्हीआर वापरण्याआधी न्यूरॉलॉजिस्टना विचारा.