आमच्या गावच्या व्यापारी असोसिएशनला 50 वर्षं होतायत, स्मरणिकेत समाजसेवेचा इतिहास कसा लिहावा?

स्मरणिका म्हटलं आणि माझ्या डोक्यात एकच शब्द आला, धर्मादाय. बाकी पाणपोई, वह्यावाटप, रक्तदान शिबिर, माजी अध्यक्षांचे फोटो हे तुम्ही घेणारच, घ्याच, फोटो नाही छापले तर जाहिराती कोण देणार.

माझे वडील पुण्यात भुसार बाजारात दिवाणजी होते. आधी भवानी पेठेत एका गुळाच्या पेढीवर, मग बाजार गुलटेकडीला मार्केट यार्डात हलला तशी पेढी हलली आणि पेढीमागोमाग वडील आणि त्यांची सायकल. पूना मर्चंट्स चेंबरचा लाडू-चिवडा पुणेकरांना सांगायला नको, बाहेरच्यांसाठी सांगतो, दरवर्षी दिवाळीला चेंबर, म्हणजे पुण्याच्या व्यापाऱ्यांची संघटना, आचारी लावून टनावारी बुंदीचे लाडू आणि चिवडा करून घेतं आणि ना नफा ना तोटा विकतं, बाजारापेक्षा चांगलंच स्वस्त, तीसेक वर्षांच्या वर झाली याला. वडील पेढीचं काम उरकून तिथं कुपनं फाडायला जायचे, फुकट, आणि घरी येऊन असं सांगायचे की जणू चेंबर त्यांच्याच जिवावर चाललंय.

नववीत असताना एक वर्ष मलाही नेलं, चिवडा पिशव्यांत भरायला. ढिगातून चिवडा भरत गेलं की मीठ-मसाला, शेंगदाणे सगळं तळाला बसतं आणि वर नुसते पोहे राहतात, म्हणजे पहिल्या गिऱ्हाईकाला आळणी आणि शेवटच्याला जाळ. वडील मागून ओरडायचे, "वरवर नको, तळातनं हात घाल!" संध्याकाळी कोपरापर्यंत हात पिवळे.

त्याच वर्षी भाऊबीजेला मामा आले. मामांचं दौंडकडे गुऱ्हाळ होतं आणि त्यांचा गूळ वर्षानुवर्षं वडिलांच्याच पेढीवर उतरायचा, नात्यातला माणूस गादीवर बसलाय म्हणून. आईनं बशीत लाडू ठेवला. वडील लगेच सुरू, व्यापारी लुटतात म्हणता ना, हा बघा, एक पैसा नफा नाही. मामांनी लाडू शांतपणे खाल्ला, पाणी प्यायले आणि बंडीच्या खिशातून घडी घातलेली जुनी पट्टी काढली. घरून ठरवूनच आले होते हो.

पट्टी म्हणजे शेतकऱ्याला मालाचा हिशोब करून देतात तो कागद. वर गुळाच्या ढेपा, वजन, भाव, खाली कपाती. अडत म्हणजे दलाली, हमाली, तोलाई, आणि त्याखाली धर्मादाय, म्हणजे दानधर्माच्या नावानं कापलेले, 1 रुपया 40 पैसे. मामा म्हणाले, "दाजी, धर्म माझ्या गुळातनं झाला, मग देवळाच्या पायरीवर नाव तुमच्या शेठचं कसं?" वडील म्हणाले शेठनं एक छदाम खिशात घातला नाही, धर्मादाय खातं वेगळं होतं, पैसे पांजरापोळला, म्हणजे भाकड-म्हाताऱ्या जनावरांच्या आश्रमाला, आणि धर्मशाळेला जायचे. मामा म्हणाले, "खिशात घातला असं मी म्हणतच नाही. मला इचारलं कुणी?"

वडील काही बोलले नाहीत. कारण पट्टीवरचं अक्षर त्यांचंच होतं, तो लांब शेपटीचा ध मी आमच्या किराणाच्या यादीतसुद्धा बघितलेला.

पुढची पंधरा वर्षं हा वाद प्रत्येक लग्नात, प्रत्येक दहाव्याला झाला आणि मी कायम वडिलांकडून भांडलो. आज सांगतो, मामा बरोबर होते.

आता तुमच्या प्रश्नाचं. व्यापाऱ्यांची समाजसेवा खोटी नाही, पण जुन्या काळात तिचा पैसा बऱ्याचदा मालावर बसवलेल्या लागातून, म्हणजे ठरावीक कपातीतून, यायचा. मुंबईची पांजरापोळ 1834 ची, जमशेटजी जीजीभाई आणि तेव्हाच्या महाजनांनी काढलेली, तिचा खर्चही व्यापारी मालावरच्या लागावर चालायचा. पट्टीतल्या मनमानी कपातींना कायद्याने आळा घालायला आपल्याकडे आधी 1939 चा आणि मग 1963 चा बाजार समिती कायदा यावा लागला, आणि फळं-भाजीपाल्याची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं ते थेट 2016 ला. तोवर मामांचं गुऱ्हाळ बंद पडलं होतं, आणि तसंही गूळ काय भाजीपाला नाही.

म्हणून असोसिएशनच्या जुन्या सभासदांच्या माळ्यावरच्या खतावण्या, म्हणजे जुन्या हिशोबाच्या वह्या, काढायला लावा आणि धर्मादाय खातं शोधा. कुणाकडून किती जमा, कुठं किती खर्च, हे दोन पानं छापा. कोणी शेठ नाराज होईल, होऊ द्या. आणि हमालांना विचारा. पुण्यात स्वस्त जेवणाचं म्हणाल तर बाबा आढावांच्या हमाल पंचायतीनं, म्हणजे हमालांच्या संघटनेनं, 1974 लाच कष्टाची भाकर सुरू केली, चेंबरच्या लाडवाच्या कितीतरी आधी, आणि ती वर्षभर चालते. शंभर किलोचं पोतं पन्नासवर यावं म्हणून भांडले तेही हमालच. तुमच्या गावातही पाणपोईचा माठ रोज भरणारा कोणीतरी असेलच, त्याचं नाव स्मरणिकेत येतंय का बघा.

हां, एक राहिलं. प्रत्येक बाजारात धर्मादाय कापायचेच असं नाही, आणि तुमची असोसिएशन कापड-किराणा दुकानदारांची असेल तर यातलं निम्मं तुम्हाला लागू नाही, मग वर्गणीचं पुस्तक बघा. लाडू-चिवड्याला पण मी नावं ठेवत नाहीये, तिथे कुणाच्या पट्टीतून काही कापत नाहीत, आणि गरीब घरात दिवाळीचा डबा त्यामुळे भरतो हे मी रांगेत उभी माणसं बघून सांगतोय. वडील हे वाचत असते तर म्हणाले असते, हे आधी लिहायचं होतंस.

ती पट्टी आता माझ्याकडे आहे, मामांनी जाताना दिली. स्मरणिकेत छापायची असेल तर फोटो काढून पाठवतो, पेढीचं नाव तेवढं झाकून.